पातं किती वाकडं असावं

२ मार्च, सोमवार

गोंदाच्या कंपनीने टोळीतल्या सगळ्यांना एकेक डायरी फुकट वाटली. माझ्याबरोबर काम करणाऱ्या गोंद्याने त्याची डायरी गरम पातेल्याखाली ठेवायला घेतली, मी माझी लिहायला घेतली. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. प्रत्येक पानाच्या डोक्यावर कंपनीने एक सूचना छापली आहे. आजची अशी: लावण्यापूर्वी जमीन कोरडी व स्वच्छ असल्याची खात्री करावी. खात्री केली. लिहितो.

आज जेवणाच्या सुट्टीत मुकादमाने मला बाजूला घेतलं. मला वाटलं शनिवारी गोंदाचा डबा लवंडला त्याबद्दल. पण गोष्ट वेगळीच निघाली. काटकोन काकांचे गुडघे पार गेले, महिनाअखेरीला ते घरी बसणार. त्यांच्या जागी कापायला मी.

आमचं काम म्हणजे दवाखाने, शाळा, कचेऱ्यांच्या जमिनीवर रबरासारखी जाड शीट अंथरून चिकटवायची. टोळीत चौघं. काटकोन काका कापतात, मी आणि गोंद्या जमीन खरवडतो आणि गोंद फासतो, मुकादम बोलतो. काकांना काटकोन म्हणतात कारण त्यांनी कापलेला कोपरा गुण्या लावून बघावा, केसभर चुकलेला सापडत नाही. त्यांच्या जागी मी. दोन वर्षं या कामावर टिकलो हेच माझ्या घरी कोणाला खरं वाटत नाही. याआधी मी बेकरीत होतो, गाड्या धुवायला होतो, पार्सलं वाटत होतो. माझं बूड कुठे टेकत नाही, असं आई म्हणते.

अट एकच. सुरी स्वतःची पाहिजे आणि स्वतः निवडलेली. टोळीत कोणी कोणाची सुरी वापरत नाही, दात घासायचा ब्रश कोणी उसना देतं का. सुरी मिटणारी नको. मुकादमाची करंगळी एका पेराने कमी आहे, ते पेर मिटणाऱ्या सुरीने खाल्लं. हा धडा देताना तो तेच बोट वर करतो. मुठीत घट्ट बसवलेलं, न मिटणारं पातं हवं, आणि ते आकड्यासारखं आत वळलेलं, धार आतल्या बाजूला. आमच्यात तिला चोच म्हणतात. टोक शीटमध्ये रुतवायचं आणि आपल्याकडे ओढायचं. निवडली की मुकादमाला दाखवायची आणि दवाखान्याच्या खऱ्या शीटवर तीन काप घ्यायचे: एक लांब, एक कोपरा, एक दाराची चौकट. जमलं तर कारागीर.

आता इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. घरी मी कारागीर होऊन चार महिने झाले आहेत.

झालं असं की दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, फोनवर विचारलं होतं, काय मेहुणे, अजून गोंदच फासता का? पाठीमागे आई ऐकत होती. माझ्या तोंडून निघून गेलं की आता मी कापतो. तेवढ्यावर थांबायचं तर मी म्हणालो, हाताखाली माणसं आहेत. मग दाजींचं दुकान बंद पडलं. मग ताईचा फोन आला, तुझ्या हाताखाली यांनाही घे. मी हो म्हटलं. दाजी एकोणतीस तारखेला येतायत.

मुकादमाला गोंदासाठी माणूस हवाच होता, त्यामुळे दाजींचं काम नक्की आहे. माझं नक्की नाही.

४ मार्च, बुधवार

कामावरून सुटल्यावर हत्यारांच्या दुकानात गेलो. दुकान एका बाई चालवतात. चष्मा कपाळावर, हातात कायम फडकं. मी चोच मागितली. त्यांनी खण ओढला तर आत अकरा प्रकारच्या चोची. मला वाटलं होतं एक असेल.

बाईंनी विचारलं, पात्याला बाक किती हवा? मी म्हटलं, पुरेसा. त्या म्हणाल्या, उथळ बाक सरळ रेषेला सोपा, खोल बाक कोपऱ्यात घट्ट धरतो आणि घसरत नाही, पण जास्त खोल असला तर खाली जमीनही उकरतो. मग त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा दिला, कापून बघ म्हणाल्या. मी चार बघितल्या. लाकडी मुठीची एक घेतली. वापरली नाही तर परत घेईन, असा त्यांचा नियम आहे.

रूमवर येऊन हातात धरून बसलो. मूठ अर्धं बोट तोकडी वाटते.

६ मार्च, शुक्रवार

सुरी परत केली. मूठ तोकडीच होती. दुसरी आणली, रबरी मुठीची.

काटकोन काकांना विचारलं की तुम्ही तुमची कशी निवडली. ते भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळत होते. म्हणाले, निवडली कुठे, आधीचा माणूस सोडून गेला तेव्हा दुकानात एकच शिल्लक होती, ती घेतली. एकतीस वर्षं झाली. पाती बदलली, मूठ तीच.

बिचारे. त्या काळी माणसाला निवडच नव्हती.

८ मार्च, रविवार

सुट्टी. अभ्यास केला. शाळेत केला असता तर आज मुकादमही झालो असतो.

वाकडी सुरी वापरणारे आम्हीच नाही, हे माझ्या लक्षात आलं. तेव्हा सरळ त्या त्या माणसांकडे गेलो. माळी म्हणाला, पातं विळ्यासारखं, पण टोक बोथट हवं, फांदी कापायची असते, भोसकायची नसते. चामड्याचं काम करणारा म्हणाला, बाकापेक्षा पोलाद बघ. खाटीक म्हणाला, बाक जेवढा जास्त तेवढं कातडं अलगद सुटतं, हे बघ. आणि त्याने करून दाखवलं. सुरी एकदाही अडकली नाही. पाण्यातून बोट फिरवावं तशी फिरली.

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. कापावं तर असं. त्याने सुरी कुठे घेतली ते विचारून तसलीच घेऊन आलो. रबरी मुठीची उद्या परत.

९ मार्च, सोमवार

खाटकाची सुरी मुकादमाला दाखवली. त्याने ती उलटसुलट केली आणि विचारलं, कोणाला सोलायचंय?

तिची धार बाहेरच्या बाजूला आहे. बाक होता, खोल होता, पातं मुठीत पक्कं होतं, मी सगळं बघितलं. धार कुठल्या बाजूला आहे हे एक बघायचं राहिलं. ओढली तर शीटवरून घसरून येते, कापत काही नाही. गोंद्या एवढा हसला की त्याला बसावं लागलं, आणि बसला तो ओल्या गोंदात.

१२ मार्च, गुरुवार

काल मोबाइलवर एक माणूस बघितला. काळे हातमोजे, आणि हातात चोच, वाघनखासारखी वाकडी, मुठीच्या शेपटाला कडं. कड्यात बोट घालून तो ती गरागरा फिरवतो आणि हवेतच धरतो. बाईंच्या खणात तशी एक आहे हे मला आठवलं. कड्याचा फायदा मी लगेच ओळखला. हातातून सुटणार नाही.

ती घेऊन आलो आणि आज जेवणाच्या सुट्टीत फिरवून बघितली. हातातून सुटली. पिण्याच्या पाण्याच्या कॅनमध्ये घुसली आणि कॅन दोन्ही बाजूंनी गळायला लागला. मुकादमाने नुसती करंगळी वर केली.

आजपासून मला टोळीत गिऱ्हाईक म्हणतात. काय गिऱ्हाईक, आज काय बघितलं? गोंद्याने तर गोंदाच्या पिंपावर खडूने लिहून ठेवलंय: कापता येईना, पातं वाकडं. मला त्यात विनोद दिसला नाही. पातं वाकडं असतंच. सरळ असलं तर घेईल कोण?

१५ मार्च, रविवार

ताईचा फोन. दाजींचं तिकीट झालं. मग दाजी स्वतः फोनवर आले. त्यांनी सहज विचारलं, मेहुणे, येताना मी माझी सुरी आणू की तिकडे मिळते?

आता दाजींचा जन्म गेला गाड्यांची सीटकव्हरं करण्यात. रेक्झिन आणि फोम. त्यांना आमच्या कामातल्या सुरीचं काय कळणार? पण विचारलंय तर नीट सांगावं म्हणून मी सांगायला बसलो. उथळ बाक, खोल बाक, टोक किती बोथट असावं, धार आत का बाहेर, लाकडी मूठ घामाने कशी फुगते, रबरी कशी सरकते, कड्याचे धोके. वीस मिनिटं बोलत होतो. दाजी शेवटी म्हणाले, तुम्ही बराच विचार केलाय हो.

ताईचं लग्न होऊन आठ वर्षं झाली, दाजी माझ्याशी पहिल्यांदा एवढ्या आदराने बोलले. पण फोन ठेवल्यावर डायरीची पानं मोजली. चौदा दिवस राहिले.

१८ मार्च, बुधवार

मिळाली.

बाईंनी खणाच्या मागून काढली. पातं दोन बोटं रुंद, मुठीच्या आत शेवटापर्यंत गेलेलं, तीन खिळ्यांनी बसवलेलं. बाक असा की अंगठा आत ठेवला तर बरोबर मावतो. टोक पोपटाच्या चोचीसारखं. मूठ गडद हिरवी. हातात घेतली आणि वाटलं, माझीच आहे, कोणीतरी आजवर सांभाळून ठेवली होती.

बाई म्हणाल्या, मग घेतोस ना? मी म्हटलं, एकदा पुठ्ठा द्या. त्या म्हणाल्या, बाळा, दोन आठवड्यांत माझ्या दुकानातला पुठ्ठा संपवलास.

मुकादमाला दाखवली. त्याने मान हलवली आणि म्हणाला, चांगली आहे, मग उद्या घे तीन काप. मी म्हटलं, धार बसायला दोन दिवस लागतील. कारखान्याची धार कधी खरी नसते. हे मला चामडेवाल्याने सांगितलंय.

१९ मार्च, गुरुवार

धार लावली.

२० मार्च, शुक्रवार

धार लावली. मुकादम विचारायला आला. बोटावरचे केस तासून दाखवले. तो म्हणाला, शीटला केस नसतात.

२१ मार्च, शनिवार

आतल्या बाकाला धार लावायला गोल दगड लागतो, हे आज कळलं. मी सपाट दगडावर घासत होतो. तीन दिवसांत टोक झिजून गेलं. पोपटाची चिमणी झाली.

काका शेजारी येऊन बसले होते. मग म्हणाले, मी पहिला काप घेतला तेव्हा दोनदा लघवीला जाऊन आलो होतो. मी म्हटलं, आजारी होता का? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गुडघ्याला तेल चोळायला लागले. म्हातारपणी माणूस कुठलं बोलणं कुठे काढेल काही नेम नसतो.

२४ मार्च, मंगळवार

बाईंच्या दुकानात गेलो. नवी दाखवा म्हटलं. त्यांनी खण ओढलाच नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाल्या, तुझ्यासाठी माझ्याकडे सुरी नाही.

मी म्हटलं, अकरा होत्या. त्या म्हणाल्या, अजून दहा आहेत, पण तुला विकणार नाही. आधी एक काहीतरी कापून ये. फाटक्या चपलेचा पट्टा काप, पण कापून ये.

अशाने धंदा कसा चालणार. गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि या फडकं मारतायत. माझा पारा चढला होता, पण बाईमाणसाला काय बोलणार. आलो निघून.

२५ मार्च, बुधवार

मुकादमाने शेवटचं सांगितलं. शनिवारपर्यंत तीन काप, नाहीतर कापायला गोंद्या. हे ऐकून गोंद्याच माझ्या अंगावर धावून आला. त्याला कापायचं नाहीये. गोंद चुकला तर कोणाला दिसत नाही, काप चुकला तर दवाखाना असेपर्यंत दिसतो, असं तो म्हणाला. मला म्हणाला, गिऱ्हाइका, घे एकदाचा काप आणि मला सोडव.

त्याचं म्हणणं पटलं. म्हणजे काप चुकला तर दिसतो, तेवढं पटलं. शीट एवढी मोठी आणि एकसंध असते. एकदा पातं घातलं की परत शिवता येत नाही. बेकरीत पाव जळला तर दुसरा लावता येत होता. गाडी नीट धुतली गेली नाही तर परत धुवायची. हे तसं नाही.

पण माझं अडलंय ते याने नाही, सुरीने. सुरी चांगली असती तर प्रश्नच नव्हता.

२६ मार्च, गुरुवार

काय झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर माझं मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी दवाखान्याच्या मोठ्या वॉर्डात काम होतं. खाटा बाहेर काढलेल्या. मी गुडघ्यांवर बसून दातेरी पत्र्याने गोंद फासत होतो, केसांत गोंद, कानाला गोंद. दारातून आवाज आला, आमचे मेहुणे इथे कापायला असतात ना?

दाजी. खांद्यावर बॅग, डोक्याला रुमाल. कोणाचा तरी ट्रक इकडे येत होता म्हणून तीन दिवस आधीच निघाले.

माझी पाचावर धारण बसली. हातात पत्रा, पत्र्यावरून गोंद टपकतोय. मुकादमाने माझ्याकडे बघितलं, दाजींकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं. माणूस दिसतो तेवढा साधा नाही. तो दाजींना म्हणाला, असतात तर. आमचे उस्तादच ते. गोंद्याची चूक दाखवायला खाली बसलेत. आता कापायलाच उठणार होते. आणि काकांना म्हणाला, काका, रोल उलगडा, उस्ताद कापतायत.

गोंद्या तोंडात रुमाल कोंबून खिडकीबाहेर बघायला लागला.

शीट वॉर्डभर पसरली. निळी, कोरी, आरशासारखी. मी खिशातून हिरवी सुरी काढली. दाजींनी हात पुढे केला, बघू म्हणाले. जिथे टोक असायला हवं होतं तिथून अंगठा फिरवला. परत दिली. मग बॅग उघडली, कपड्यांच्या खालून एक पुडकं काढलं आणि उलगडलं. आत त्यांची सुरी. पातं घासून घासून काडीसारखं बारीक झालेलं, पण बाक खोल, टोक सुईसारखं. मुठीला लाल रेक्झिन गुंडाळलेलं, त्यावर बारीक टाके. ती त्यांनी माझ्या हातात ठेवली.

गोंद्या म्हणाला, टोळीत दुसऱ्याची सुरी चालत नाही. मुकादम म्हणाला, दुसऱ्याची नाही, घरच्याची आहे.

मी एकदा बाहेर जाऊन आलो. मग परत एकदा जाऊन आलो.

आल्यावर बघतो तर दाजी शीटच्या त्या टोकाला गुडघ्यांवर बसलेले. दोन्ही तळवे शीटवर दाबून. कापायच्या रेघेकडे बघत म्हणाले, ओढा मेहुणे. मी धरलंय.

ओढली.

आवाज येतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं मी तो आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून ऐकत होतो, जवळून तो वेगळा असतो. कापड फाटताना येतो तसा, पण जाडसर. वॉर्डाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी उलटा सरकत गेलो आणि पातं माझ्यामागे येत राहिलं. लांब काप झाला. कोपराही झाला. बाकाने शीट कुठे सोडली नाही.

चौकटीला चुकलो. एक बोट आत गेलो. शीट आणि चौकट यांच्यामध्ये बोटभर सिमेंट दिसायला लागलं.

मी सुरी खाली ठेवली आणि मनात बेकरीला फोन लावला, जागा आहे का म्हणून.

काटकोन काका भिंतीला धरून उठले. एकेक गुडघा सांभाळत शेजारच्या खोलीत गेले आणि मला हाक मारली. सगळेच गेलो. ती खोली त्यांनी गेल्या आठवड्यात केलेली, सगळी चोख. भिंतीच्या कडेने शीटची कड झाकणारी पट्टी ठेवली होती, अजून ठोकायची होती. काकांनी ती पायाने बाजूला सारली. खाली शीटची कड अशी होती की उंदरांनी कुरतडावी. एका ठिकाणी बोटभर कमी, एका ठिकाणी दोन बोटं.

ते म्हणाले, एकतीस वर्षं मला काटकोन म्हणतात. पट्टी ठोकली की काटकोन.

मुकादमाने खोकून दुसरीकडे बघितलं. मग म्हणाला, चौकटीला रुंद पट्टी लावू. उद्या दोन खोल्या आहेत, उस्ताद, वेळेवर या.

संध्याकाळी दाजी रूमवर आले. त्यांना काही संशय आलेला नाही. एवढंच म्हणाले, कापणाऱ्या माणसाच्या मानाने तुमचा गोंदाचा हात फारच सफाईदार आहे. मी म्हटलं, सगळं यावं लागतं, दाजी.

२८ मार्च, शनिवार

काल दोन खोल्या, आज दीड. पट्टी लावण्यासारख्या जागा कमी होत चालल्यात.

एकच अडचण आहे. दाजी माझ्या हाताखाली आहेत. बादली आणा असं मी त्यांना कसं म्हणू? लग्नात यांचे पाय धुतलेत. मग मीच उठतो, बादली आणतो, त्यांच्यासमोर ठेवतो, गोंद ढवळून देतो आणि मग कापायला बसतो. मुकादम म्हणतो असा उस्ताद त्याने जन्मात बघितला नाही.

२९ मार्च, रविवार

दुपारी ताईचा फोन आला. माझं चांगलं चाललंय हे ऐकून दाजींच्या धाकट्या भावालाही माझ्या हाताखाली यायचंय. आई सगळ्यांना सांगतेय, माझ्या मुलाच्या हाताखाली जावई काम करतात. मग आईने फोन घेतला, तिचा आवाज असा होता की त्यात हसू मावत नव्हतं.

फोन ठेवला. दाजी खाटेवर बसून शर्टाला बटण लावत होते. म्हटलं, आता बोललो नाही तर हे सगळं गाव इथे येईल.

मी म्हणालो, दाजी, एक सांगायचं होतं. मी चार महिने कापत नाही. चार दिवस कापतोय.

दाजींनी दोरा दातांनी तोडला. म्हणाले, तीन. आज रविवार आहे.

मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? मला वाटलं गोंद बघून, किंवा चौकट बघून. ते म्हणाले, तुम्ही फोनवर वीस मिनिटं सुरीवर बोललात तेव्हा. कापणारा माणूस सुरीवर वीस मिनिटं बोलत नाही हो. पंधरा वर्षं मी रोज रेक्झिन कापलं, मला दोन मिनिटंसुद्धा बोलता यायचं नाही.

मी विचारलं, मग माहीत असून आलात कशाला?

ते बटण ओढून बघत होते. म्हणाले, दुकान बंद झालं होतं, कुठेतरी जायचंच होतं. आणि तुमची ताई म्हणाली, तो पहिल्यांदा कापेल तेव्हा कोणीतरी धरायला हवं.

म्हणजे ताईलाही माहीत होतं. म्हणजे आईला सोडून सगळ्या जगाला माहीत होतं. दाजी म्हणाले, आईंना मीही काही सांगणार नाही, चार महिन्यांनी ते आपोआप खरं होईल. धाकट्या भावाला मात्र त्यांनी स्वतःच येऊ नको म्हणून कळवलं.

मग म्हणाले, एकच आहे मेहुणे. उद्यापासून बादली मी आणणार. आणि माझी सुरी मला परत हवी.

३० मार्च, सोमवार

गोंद फासायला दाजी, ढवळायला गोंद्या. दाजींनी बादली आणली. मी नको म्हटलं नाही. जड गेलं, पण म्हटलं नाही.

कामावरून सुटल्यावर बाईंकडे गेलो. त्यांनी आधी माझ्या पँटचे गुडघे बघितले. पांढरे झालेत, शीटवर सरकून सरकून. मग खण ओढला.

३१ मार्च, मंगळवार

सुरी घेतली. कापते.